ब्राह्मीच्या बदल्यात घोडा

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, आणि त्याची सुरुवात माझ्या बुटांपासून होते. एकोणीसशे तीस-चाळीसच्या दरम्यान मी नाशकात फौजदार होतो. धोतर-टोपी घालून, रोगी बनून एका वैद्याकडे गेलो. पायात मात्र खात्याचे बूट तसेच. वैद्यानं नमस्कार केला. "या फौजदारसाहेब. झोप लागत नाही का?"

खबर आमच्या हवालदाराची होती. एका टांगेवाल्याची बायको, तान्हं मूल गेल्यापासून, ना धड जेवे ना बोले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. वैद्यानं हिमालयातली वनस्पती म्हणून पाला दिला आणि मोबदल्यात टांग्याचा घोडा घेतला. तोच पाला सुरगाण्याची एक बाई बाजारात पैशाला जुडी विकत होती. घोडा गेल्यावर टांगेवाला दोन महिने घरी बसून होता. चूल शेजाऱ्यांच्या पिठावर चालली होती.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. घोडा मुद्देमाल म्हणून ठाण्यात बांधला. त्यानं स्टेशन डायरीचं एक पान खाल्लं. त्याची नोंद कुठे करायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चौकशीत वैद्य डगमगला नाही. "पाला पैशाला दिला असता तर तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर गेला असता. घोडा दिला म्हणून नेमानं घेतला. बाई उठली की नाही, ते विचारा."

बाई खरंच उठली होती. नवऱ्याबरोबर जबाबाला पायी आली. मी वैद्याची आणि बाजारातली अशा दोन्ही जुड्या टेबलावर ठेवल्या.

"ब्राह्मी हाय," ती म्हणाली. "माझ्या माहेरी, वणीकडं, ओढ्याला लय उगवती. पहिल्याच दिशी वळखली."

टांगेवाला ताडकन उठला. "अन् बोलली नाय?"

"नवऱ्यानंच दर प्रहराला ताजी वाटून द्यायची, असा नेम होता. तुम्ही पाट्याशी बसायचे, काहीबाही सांगायचे. फुकटचा पाला हाय असं मी बोलली असती, तर तुम्ही बसले असते का?"

तो खाली बसला. जबाब लिहिणारा हवालदार दौतीत टाक बुडवून तसाच राहिला.

वैद्यानं कोर्टापुढे घोडा परत द्यायचं कबूल केलं, प्रकरण मिटलं. बाईला गुण पाल्यानं आला की पाट्यामुळे, हे मात्र कुठल्याच कलमात बसेना. औषध महाग की स्वस्त, हे नुसत्या बाजारभावावरून ठरवू नये, एवढं मी त्यातून शिकलो.

टांगा पुन्हा सकाळपासून रात्रीपर्यंत धावू लागला, हे मी जेवताना घरी ऐटीत सांगितलं. बायको वाढता वाढता थांबली.

"अहो, मग आता तिच्यापाशी कोण बसतं?"