मोटारखोलीतल्या बाळंतिणी

विंचूरकडच्या आमच्या मळ्यात जुन्या दगडी विहिरीला लागून मोटारची खोली आहे. नव्वदनंतरच्या कुठल्याशा जूनमध्ये तिथं काळ्या लेंड्या दिसायला लागल्या आणि भिंतीच्या भेगेतून बारीक शेपट्या लोंबायला लागल्या. आमच्या यांनी पिंजरा लावला. आत कांद्याचं भजं. आठ दिवस रोज ताजं भजं, उंदीर एक नाही. मुंग्या मात्र खूश.

मी म्हटलं, "अहो, पाकोळ्या आहेत त्या."

"पाकोळीला शेपूट असतं का कधी?"

"हिला आहे. उंदरासारखं."

"मग उंदीरच की!"

पाकोळी म्हणजे किडे खाणारं लहानसं वटवाघूळ हो. मी एक लेंडी बोटांत चुरडली. उंदराची टणक असते, हिचा भुगा झाला आणि त्यात किड्यांचे पंख चमकले. भजी खाऊन असं चमकत नाही, एवढंच मी यांना सांगितलं.

"आधी हात धू," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भेग बुजवायला सिमेंटचं पोतं आलं. मी बॅटरी मारून पाहिलं, तर आत माद्या लटकलेल्या, एकेकीच्या पोटाला एकेक उघडं पिल्लू चिकटलेलं. भेग बुजली की सगळी आत जिवंत गाडली जाणार. आणि इकडे घरात आमची लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, नात सहा दिवसांची.

"सव्वा महिना थांबा," मी म्हटलं. "बाळंतिणींची खोली लिंपता का?"

"माणसाचा सव्वा महिना पाकोळीला कशाला लावतेस?"

"नसेल लावायचा, तर लेकीलाही उद्याच सासरी पाठवा."

आतल्या खोलीतून लेक म्हणाली, "बाबा, ऐकू येतंय मला."

पोतं भिंतीशी पडून राहिलं. पावसानं त्याचा दगड केला. सव्वा महिना झाल्यावर हे थापी घेऊन गेले, पोत्यावर एक घाव घातला, थापीचा दांडा मोडला. मग त्यावरच बसले. दिवेलागणीला पाकोळ्या निघाल्या. थोडे पंख मारून वर जायच्या, मग पंख तसेच धरून खाली घसरायच्या. मागून पिल्लंही तसंच करत होती, जरा वेडंवाकडं.

"उंदीर बरे उडतात," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हे पोत्यावर बसायला गोणपाट घेऊन गेले.

थंडीत या पाकोळ्या फारशा बाहेर पडत नाहीत, पोटाशी आधीच चरबी साठवून ठेवतात. दिवाळीच्या सुमाराला हे भेगेत बॅटरी मारून आले आणि मला म्हणाले, "चांगल्या गुबगुबीत झाल्यात गं. डिंकाचे लाडू तूच खाऊ घातलेस ना?"