पांढरी खूण वर आली की

जेवणाचा डबा उघडण्याआधी काका मशीन बंद करायचे. तेही कसंही नाही. ड्रमवर त्यांनी रंगवलेली झिरोची पांढरी खूण अगदी वर येईपर्यंत थांबायचे आणि मगच लाल बटण दाबायचे.

"मशीन झिरोवर उभं करायचं, मॅडम. आन् चालत्या मशीनला पाठ दाखवायची न्हाई."

त्यांची उभी हयात चाकणच्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेली. डाव्या करंगळीचं पेर तिथेच राहिलं. ते कसं गेलं, हे दुसऱ्या कुणी विचारलं असतं. मी विचारलं नाही. निवृत्तीनंतर ते आकुर्डीच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेची यंत्रं सांभाळायला आले. मी तिथे शिकायला आलेली, परराज्यातली, त्यांच्या नातीच्या वयाची, तरी मला 'मॅडम' म्हणायचे. मराठीत वाक्य जुळवायला मला वेळ लागायचा, तोवर शांतपणे थांबायचे.

हे मशीन त्यांनीच बनवलेलं, गाडीच्या वायपरच्या मोटरवर. त्यात धिंगरी अळिंबीची, म्हणजे मशरूमची, पिशवी आडवी बसायची आणि रात्रंदिवस सावकाश फिरायची. अंतराळात वजन जाणवत नाही. तिथे अळिंबी कशी वाढेल, याचा अंदाज आम्हाला घ्यायचा होता. पिशवी फिरत राहिली की कुठलीच बाजू कायमची खाली राहत नाही, आणि वर कुठे ते अळिंबीला कळत नाही. उजेडही आम्ही चहूबाजूंनी सारखा ठेवला होता. रात्री रखवालदाराला मशीनसमोर बसवल्याशिवाय काका घरी जात नसत.

तरी पहिल्या दोन्ही खेपेला सगळ्या धिंगऱ्या शिस्तीत एकाच बाजूला वळल्या.

"मशीनच चुकतंय," आमचे मार्गदर्शक सर म्हणाले. "आणखी एक पिशवी लावू. नाही जमलं तर खोलून टाका."

काकांनी दोन दिवस एकेक बेअरिंग तपासलं. चेहरा उतरला होता. जेवायच्या वेळी मात्र खूण वर, बटण बंद.

आणि मला दिसलं. धिंगऱ्या वळल्या होत्या त्या पांढऱ्या खुणेकडेच.

सरांना सांगणं सोपं होतं, पण दोष काकांवर गेला असता. तिसरी पिशवी लावली त्या दुपारी मी त्यांच्याजवळ गेले. "काका, रोज जेवताना पिशवी अर्धा तास... तशीच उभी असते ना?"

त्यांचा हात बटणाशीच थांबला. त्यांनी खुणेकडे बघितलं.

"म्हंजी वर कुठंय, ते रोज मीच दाखवत हुतो व्हय त्यांना?"

बटण दाबलं नाही. स्टूल ओढलं, मशीनकडे तोंड केलं आणि डबा मांडीवर घेतला. पाठ दाखवायची नव्हती, ती दाखवली नाही. पिशवी काढेपर्यंत ते रोज असेच जेवले.

यावेळी धिंगऱ्या वाट फुटेल तिकडे निघाल्या होत्या. काही वेटोळ्या, काही आडव्या, एक तर उलटी फिरून पिशवीतच डोकावणारी. सर दारातूनच ओरडले, "जमलं!"

काकांनी टोपी काढून हवेत फिरवली. "झिरोच इसरल्यात की ओ, मॅडम!" त्या दिवशी मीही ओरडले. मोठ्यांदा, मराठीत.

यंदा ते गावी गेले, कायमचे. स्टूल तिथेच आहे, मशीनकडे तोंड करून. दुपारी आम्ही पाळीपाळीने त्यावर डबा खातो. पांढरी खूण वर येते, आणि न थांबता पुढे जाते.