बिसेन सरांनी सर्व्हर बंद केला तेव्हा

बिसेन सर तक्रार ऐकून घ्यायचे आणि मग काहीच करायचे नाहीत. निदान पहिला अर्धा तास तरी नाही. ज्या विभागानं ‘नेट चालत नाही’ म्हणून बोलावलं असेल तिथं जायचे, कोपऱ्यातली एखादी खुर्ची ओढायचे आणि लोक काम कसं करतात ते बघत बसायचे. नवे प्राध्यापक घाबरायचे. जुने त्यांच्यासाठी चहा मागवायचे.

गोंदियाबाहेर, कुडव्याच्या पुढे, आमचं छोटंसं विद्यापीठ. तिथल्या माहिती तंत्रज्ञान कक्षाचे ते प्रभारी समन्वयक. कोणत्या विभागाला किती संगणक द्यायचे, वायफाय कुठवर न्यायचं, प्रवेशाचं संकेतस्थळ, निकालाचा सर्व्हर, पुढच्या वर्षाचा आराखडा, सगळं त्यांच्या डोक्यावर. मूळचे ते संगणकशास्त्राचे शिक्षक. मी जनसंपर्क कक्षात, म्हणजे विद्यापीठाच्या चुका सभ्य भाषेत कळवण्याच्या नोकरीत. साहजिकच आमची गाठ रोज पडायची.

एका उन्हाळ्यात लेखा विभागाचं नेट रोज दुपारी गायब होऊ लागलं. कंपनीची माणसं येऊन वायर बदलून गेली, तरी नेट जातच राहिलं. सर जाऊन कोपऱ्यात बसले. ऊन तापलं तसा शिपाई मेश्राम उठला, भिंतीतला एक प्लग उपसला आणि तिथं कूलरचा खुपसला. गार हवा आली, नेट गेलं.

“आता सांगा जी,” सर म्हणाले, “तुमाले नेट पाहिजे का कूलर?”

लेखाधिकाऱ्यांसकट सगळ्यांनी एकमुखानं कूलर मागितला. सरांनी संध्याकाळपर्यंत दुसरा बोर्ड बसवून दिला आणि अहवालात बिघाडाचं कारण लिहिलं: ‘ऊन’.

एका बाबतीत मात्र त्यांना थट्टा चालत नसे. प्रवेशाच्या दिवसांत संकेतस्थळ बंद पडता कामा नये. इतरांची संकेतस्थळं शेवटच्या दिवशी मान टाकायची, आमचं कधीच नाही. “पोरगी जंगलातून फार्म भराले येते, अन् आपण तिले गोल फिरणारं चक्र दाखवाचं? शरम नाही वाटत?” असं ते आपल्या माणसांना सुनवायचे. कक्षाच्या संचालकाचं कायमचं पद भरलं जाणार होतं, मुलाखती दिवाळीनंतर होत्या आणि सरांच्या अर्जातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता: सेवेत एकदाही खंड नाही. ते पद त्यांना हवं होतं. तसं ते बोलायचे नाहीत, पण मुलाखतीसाठी त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला होता.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लांबली. नेमकं प्रवेशनोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी कालव्यात सुटलं. सरांची धानाची शेती त्याच कालव्यावर. पाणी आलं की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल करायचा, पऱ्हे उपटायचे, ती रोपं लावायची. घरात माणूस थांबत नाही. सरांच्या पडद्यावर गोंदिया शहरातले अर्ज येत होते. कालव्याकडच्या आणि सालेकशाकडच्या गावांतले एकाएकी थांबले.

सर कुलसचिवांकडे गेले. मी तिथंच एका सूचनेवर सही घ्यायला उभा होतो. कुलसचिव बाहेरून आलेले, नियमाला पक्के.

“मुलांना शिकायचंच नसेल तर आपण काय करणार?” ते म्हणाले.

“शिकाचं आहे साहेब. पण रोवणी करून राहिले ते. आठ दिवस वाढवून द्या.”

“रोवणी हे मुदतवाढीचं कारण कुठल्या नियमात बसतं?”

“मंग काय बसते?”

“संकेतस्थळ बंद असेल, तर तेवढे दिवस वाढवता येतात. पण तुमचं तर बंदच पडत नाही!” कुलसचिव कौतुकानं हसले. सर हसले नाहीत.

बाहेर येऊन ते माझ्या टेबलासमोर बसले. “लिहा. संकेतस्थळ उद्यापासून आठ दिवस बंद.”

मी उत्साहानं सुरुवात केली: ‘अचानक उद्भवलेल्या तांत्रिक बिघाडामुळे’. माझं अत्यंत आवडतं वाक्य.

“खोडा ते. बिघाड कायले? मी सोता बंद करून राहिलो. देखभाल लिहा.”

ते खोटंही नव्हतं. सगळी माहिती नव्या यंत्रावर हलवण्याचं काम दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवलेलं होतं, ते त्यांनी अलीकडे ओढलं. आणि देखभालीची तारीख ठरवणं, हा एकच अधिकार त्यांना दुसऱ्या कोणाच्या सहीशिवाय होता.

“सर, मुलाखत आहे,” मी म्हणालो. “तुमच्या त्या ‘खंड नाही’चं काय?”

“आता आहे,” ते म्हणाले. “आणा, सही करतो.”

पुढचे आठ दिवस फोनला उसंत नव्हती. बाजारातल्या सायबर कॅफेवाल्यानं विचारलं, “सर, साइट कब चालू होगी?”

“रोवणी के बाद.”

“मजाक मत करो सर.”

“अरे भाई, मजाक कहाँ कर रहा हूँ?”

कुलसचिव तर कडाडलेच. “बिसेन, हे काय तुमच्या घरचं यंत्र आहे?”

“नाही साहेब. घरचं असतं तं सूचना न काढता बंद केलं असतं.”

नियम नियमच होता. आठ दिवस वाढवून मिळाले, संकेतस्थळ उघडलं आणि गावागावांतले अर्ज येऊ लागले. दिवाळीनंतरच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या आठ दिवसांचा निघाला. सरांनी काही न लपवता उत्तर दिलं. पद नागपूरच्या एका तरुण अभियंत्याला मिळालं आणि सर वर्गात परतले. “बरं झालं, तरास गेला,” असं ते सगळ्यांना सांगत. कक्षाच्या दारावरून जाताना मात्र त्यांची पावलं जरा भरभर पडत.

पुढच्या उन्हाळ्यात नवे संचालक वर्षाचा आराखडा घेऊन त्यांच्याकडे आले. “सर, यंदा देखभाल कधी धरू?”

“पाणी सुटलं का मंग सांगतो.”

“पाण्याचा काय संबंध?”

“ते बी सांगतो.”

जुलैतल्या एका सकाळी सरांनी आम्हा दोघांना संचालकांच्याच गाडीत बसवून चोरखमाऱ्याच्या कालव्यावर नेलं. बांधीत बायका-पोरी ओळीनं वाकून रोवणी करत होत्या. संचालक पांढरे बूट सांभाळत धुऱ्याच्या अरुंद बांधावर उभे. सरांच्या गावची एक मुलगी कमरेतून सरळ झाली. हातात पऱ्ह्यांची पेंडी, कोपरापर्यंत चिखल.

“काका, फार्मची तारीख गेली का?”

“मले नको विचारू बाई. साहेब आता हे आहेत.”

संचालकांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मागे धुऱ्यापर्यंत पसरलेल्या पाण्याकडे पाहिलं.

“नाही गेली,” ते म्हणाले. “उद्यापासून आमची देखभाल आहे. आठ दिवस.”

“बरं जी,” मुलगी म्हणाली आणि पुन्हा वाकली.