मन्मथप्पांची हवेतली बैठक

मन्मथप्पांशी पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला वाटायचं, की यांचं आपल्याकडे लक्षच नाही. समोरच्याचं वाक्य संपलं तरी अप्पा लगेच तोंड उघडत नसत. मनातल्या मनात एकदा ‘शिव शिव’ म्हणून होईल इतकं थांबत आणि मग बोलत. परभणीच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. नवखं गिऱ्हाईक पातेल्याचा भाव करायला लागलं की अप्पांच्या या थांबण्यानं कासावीस होई आणि स्वतःच काहीबाही बोलत सुटे. एकदा त्यांच्या भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. सगळ्यांचा होकार झाला, सुपारी फोडायची तेवढी राहिली, तेव्हाही अप्पा सवयीनं थांबले. तेवढ्या वेळात आतल्या खोलीतून भाचीचा आवाज आला, “मामा, मला डी.एड. पुरं करायचंय.” लग्न वर्षभर पुढे गेलं. अप्पांच्या बहिणीनं त्या थांबण्याला पुढे कितीतरी दिवस बोल लावला.

ही सवय त्यांना रेडिओनं लावली होती. हौशी रेडिओ म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, घरच्या घरी सेट जुळवायचा, गच्चीवर तार ताणायची आणि परगावच्या आपल्यासारख्याच नादिष्टांशी बोलायचं. टेलिफोनसारखं दोघांनी एकदम बोलून चालत नाही. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या भागात असे नादिष्ट विखुरलेले होते. एखाद्याला कॉइल गुंडाळता येई, पण ती तापते का हे कळत नसे. दुसऱ्याला ते कळे, पण त्याच्या गावात साधी तार मिळत नसे. या सगळ्यांना दर रविवारी सकाळी हवेत एकत्र आणायचं काम अप्पांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. त्याला आम्ही ‘बैठक’ म्हणत असू. मी तेव्हा परभणीत एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आठवडाभर फायली सरकवायच्या त्या रविवारच्या आशेवर, असा तो काळ होता.

अप्पा यंत्रातले फार मोठे जाणकार नव्हते. तारा जोडायला डाग देताना त्यांचं बोट हमखास भाजायचं. पण बैठक चालवावी तर त्यांनीच. एकाचं बोलून झालं की ते थांबत, आणि दुसऱ्यांनाही थांबायला लावत. कोणी घाई केली तर म्हणत, “जरा जागा सोडा की. त्या जागंत कोणीतरी बारीक आवाजाचं उभं असतंय.” त्यांचा दुसरा नियम असा, की ज्याचा आवाज सगळ्यांत क्षीण त्याचा नंबर पहिला. मोठे सेट असलेल्यांनी मागून बोलायचं. कोणी प्रश्न विचारला आणि दुसरा हसला, तर हसणाऱ्याला त्या रविवारी पुन्हा नंबर मिळत नसे. याबद्दल अप्पा चकार शब्द काढत नसत, नुसते विसरल्यासारखं करत. आमच्यातल्या एका इंजिनिअराला ही शिक्षा झाली, तेव्हा तो पुढच्या रविवारी इतका गरीब होऊन बोलला की ओळखू येईना.

क्षीण आवाजाला पहिला नंबर, या नियमानं एकदा भलताच घोळ केला. पहिल्यांदा बोलायला मिळावं म्हणून एकानं आपल्या सेटची ताकद कमी केली. ते बघून दुसऱ्यानं केली. असं करत करत एका रविवारी सगळेच इतके बारीक झाले, की कोणाचं कोणालाच ऐकू जाईना. अप्पा बराच वेळ एकटेच हाका मारत बसले. शेवटी म्हणाले, “आज समदेच उपाशी हाव काय?” तेव्हा कुठे एकेकानं लाजत लाजत बटणं पुन्हा वर नेली.

खऱ्याखुऱ्या बारीक आवाजाचा माणूस आमच्यात एकच होता, चुडाव्याचे खिल्लारे मास्तर. शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचा सेट त्यांनी जुन्या सामानातून जुळवलेला; टॉर्चचा बल्ब पेटावा एवढीच त्याची ताकद. बोलणंही खालच्या पट्टीतलं. पण बैठक सुरू झाली की अप्पा कानावर हेडफोन दाबून, डोळे मिटून त्या खरखरीतून मास्तरांना शोधून काढत आणि पहिली हाक त्यांनाच मारत. मास्तर बोलत तेव्हा पाथरीच्या वकीलसाहेबांपासून सगळे गप्प बसत. वकीलसाहेबांचा सेट आमच्या सगळ्यांत दणकट, आणि गप्प बसणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण अप्पांसमोर त्यांचं चालत नसे.

मग नामांतराचं वारं पुन्हा जोरात वाहायला लागलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून अठ्ठ्याहत्तरला आमच्या भागात वस्त्या जळाल्या होत्या. ते कोणी विसरलं नव्हतं. आता पुन्हा मोर्चे, बंद, चौकाचौकात पोलीस. रेडिओवर राजकारण आणि धर्म बोलायचा नाही, हा परवान्याचाच नियम. त्यामुळे बैठकीत त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. पण न बोललेलंही ऐकू येत असतं. कोण कोणाच्या नमस्काराला उत्तर देतो, कोण देत नाही, हे आम्हाला कळायला लागलं होतं. खिल्लारे मास्तर बौद्ध होते. गावात ताण होता म्हणून ते काही रविवार आलेच नाहीत. अप्पा तरीही दर वेळी पहिली हाक त्यांनाच मारत आणि थांबत. वकीलसाहेब एकदा चिडून म्हणाले, की जो येतच नाही त्याच्यासाठी आम्ही किती ताटकळायचं. अप्पांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा हाक मारली.

अखेर एका रविवारी मास्तर आले. त्या दिवशी माझ्या सेटची कॉइल जळालेली होती. मला ऐकता येत होतं, बोलता येत नव्हतं. अप्पांनी हाक मारली आणि मास्तरांचा आवाज आला, नेहमीसारखाच क्षीण, पण स्पष्ट. अप्पा थांबले आणि पुढच्याला नंबर दिला. मास्तर पुन्हा बोलले. अप्पा पुन्हा तिसऱ्याकडे वळले. तिसऱ्यांदा मास्तरांनी नुसतं आपलं नाव सांगितलं. ‘मास्तर आलेत, अप्पा’ एवढं कोणीतरी सांगायला हवं होतं. वकीलसाहेबांचा आवाज तर सोलापूरपर्यंत जायचा. पण सगळे गप्प राहिले. मी सायकल काढली आणि अप्पा जिथून बैठक चालवत ते दुकान गाठलं, तोवर बैठक आटोपली होती.

मी झालेलं सांगितलं. अप्पांनी उठून दुकानाची फळी लावली आणि म्हणाले, “गेलं वरीस झालं, मला कमी कमी ऐकू येतंय. आता जाडजूड आवाज तेवढा येतोय, बारीक येतच न्हाई.” त्यांनी हे घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बैठक सोडावी लागली असती, आणि बैठक सोडून अप्पा नुसते भांडीवाले उरले असते. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. त्यांना मात्र स्वतःचं काही सुचत नव्हतं. “मास्तरांना काय वाटलं असंल,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं पॅसेंजरनं चुडाव्याला गेलो. कपाळावर लिंगायताची विभूती लावलेला माणूस बौद्ध वस्तीकडे चाललेला बघून वाटेत लोक वळून बघत होते. ते दिवसच तसे होते. मास्तरांनी आम्हाला आत घेतलं, पण स्वतः बसले नाहीत. अप्पांनी हात जोडून सांगितलं, की मला ऐकू आलं नाही. मास्तर त्यांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. मग शांतपणे म्हणाले, “अप्पा, अठ्ठ्याहत्तरला आमचं घर जळालं, तवाबी शेजाऱ्यांना ऐकू आलं नव्हतं. ऐकू येऊन न्हाई म्हणणारे मी लय पाहिले. तुमी त्यातले नव्हता, म्हणून जास्त लागलं.”

अप्पा खरं बोलत होते, पण ते खरं दिसणार कसं? ते मान खाली घालून बसले. तेवढ्यात मागच्या दारातून मास्तरांच्या बायकोनं विचारलं, “चहा घेता ना अप्पा?” अप्पा हलले नाहीत. तिनं पुन्हा विचारलं. अप्पा तसेच. तिचा चेहरा उतरला. लिंगायताच्या घरचा मोठा माणूस, आपल्या घरचा चहा नको असणार, असं तिनं मनाशी धरलं आणि ती आत वळली. मी सांगायला तोंड उघडणार, तोच मास्तर पुढे झाले. ते अप्पांच्या पाठीशी गेले आणि हळूच म्हणाले, “अप्पा.” मग जरा मोठ्यानं, “अप्पा.” अप्पांना पत्ताच नव्हता. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोला हाक मारली आणि म्हणाले, “समोर येऊन विचार. त्यांना खरंच ऐकू येत न्हाई.” ती समोर आली. अप्पांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाले, “साखर जास्त घाला, माय.”

पुढच्या रविवारी अप्पांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि बैठक उघडली. “मंडळी, मागल्या रविवारी खिल्लारे मास्तर आले व्हते. तुमी ऐकलं, मला ऐकू आलं न्हाई. माझे कान गेले. ज्याला ऐकू येत न्हाई, त्यानं बैठक चालवू नये. आजपासून जिम्मा मास्तरांचा.” मग वकीलसाहेबांचा दणकट आवाज आला. त्यांचं म्हणणं, मास्तरांबद्दल आमच्या मनात आदरच आहे, पण ज्यांचा आवाज दुसऱ्यांपर्यंत पोचत नाही ते बैठक चालवणार कशी? वरून मुद्दा बिनतोड होता. आतून काय होता ते सगळ्यांना कळत होतं. आवाज पोचला तरी अप्पांना शब्द उमगत नव्हते; मी तो त्यांच्या कानाशी ओरडून सांगितला. अप्पा थांबले आणि म्हणाले, “माझा सेट मास्तरांकडं जाणार हाय.” हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. सेट गेला म्हणजे अप्पांचं बोलणं कायमचं संपलं. मी त्यांच्या हाताला धरलं, पण त्यांनी सोडवून घेतला.

थोड्या वेळानं मास्तरांचा बारीक आवाज आला. “अप्पांना सांगा, मला मोठ्यानं बोलायची सवय न्हाई. पण बोलतो.” मी सांगितलं. अप्पांनी नुसती मान हलवली आणि मुठीनं डोळे पुसले.

कागदपत्रांचे सोपस्कार उरकले आणि सेट पॅसेंजरनं चुडाव्याला गेला. वकीलसाहेब काही दिवस रुसून बसले. मग त्यांच्या रिसीव्हरमध्ये घरघर शिरली, पाथरीत कोणाला ती निघेना, आणि एका रविवारी ते हळूच हजर झाले. मास्तरांनी त्यांना नंबरात घेतलं आणि घरघर कशी काढायची ते बैजवार सांगितलं. नामांतर झालं त्या आठवड्यात बाजार बंद होता, बैठक मात्र भरली.

अप्पा त्यानंतर फार वर्षं जगले नाहीत. दर रविवारी मी माझा रिसीव्हर घेऊन त्यांच्या दुकानात जाऊन बसे. ते हेडफोन लावून डोळे मिटून बसत आणि मी दुसऱ्या हेडफोनवर ऐकून कोण काय बोललं ते कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरी. इंजिनिअराचं लिहावं लागे, सोलापूरहून बोलणाऱ्या एकाचं लिहावं लागे, वकीलसाहेबांचंही लिहावं लागे. मास्तर आता अप्पांच्या सेटवरून, शब्द सुटे करून मोठ्यानं बोलत; ते बोलायला लागले की अप्पा माझा हात धरून पेन्सिल बाजूला ठेवायला लावत. मास्तरांचं त्यांना ऐकू येत होतं.