हमार्तिया म्हणजे नेम चुकणे

स्वतःची चूक उघडी पडली की आमचे एक सहकारी खुर्चीत मागे रेलून हवेतच धनुष्य ताणायचे आणि म्हणायचे, "पाप नाही भैया, नुसता नेम चुकला."

रायपूरच्या एका कचेरीत ते आणि मी शेजारी बसायचो. त्यांचं घराणं मूळ अमरावतीकडचं, दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मोबाइलवर व्हिडिओ पाहून ते ग्रीक शिकले होते. म्हणजे पाच-सात शब्द. त्यातला लाडका हमार्तिया. नव्या करारात आपण 'पाप' वाचतो तिथे मूळ ग्रीकमध्ये बहुधा हाच शब्द असतो. त्याच्याही कितीतरी आधी, फेकलेला भाला निशाण्याला लागला नाही की ग्रीक लोक याच शब्दाचं क्रियापद वापरायचे. मी तपासून पाहिलं. माहिती खरी निघाली, हीच पंचाईत.

एकदा कचेरीतल्याच वानखेडेंच्या नागपूरहून येणाऱ्या आईला स्टेशनवर उतरवून घ्यायचं त्यांनी आपणहून कबूल केलं आणि विसरले. म्हातारी दुपारभर फलाटावर गाठोड्यावर बसून होती. वानखेडे जाब विचारायला आले, तर यांनी हमार्तियाची व्युत्पत्ती सांगितली. आमच्या छत्तीसगढी चपराशाने मला हळूच विचारलं, "ये हमर तिया कोन आय, साहब?" छत्तीसगढीत 'हमर' म्हणजे आपला; त्याला वाटलं, आपल्यातल्याच कुणा तियाची ही भानगड आहे.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याचा नेम सगळीकडे चुकत नाही. पंख्याखालची खुर्ची, गरम समोसा, सणाला जोडून सुट्टी, तिथे बाण बरोबर बसतो. चुकतो तो दुसऱ्याच्या कामात.

त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, डाव्या डोळ्याने धूसर दिसू लागलं. डोळ्यांचा दवाखाना समता कॉलनीतच, घराजवळ. तपासताना औषध टाकतात, मग काही वेळ नीट दिसत नाही, म्हणून सोबत कुणीतरी आणा असं तिथे सांगितलं होतं. हे म्हणायचे, "शनिवारी जाऊ." असे बरेच शनिवार गेले. काचबिंदू निघाला तोवर त्या डोळ्याची नजर गेली होती. ती परत येणार नव्हती.

आम्ही कचेरीतले भेटायला गेलो. वहिनींनी आणलेला चहाचा ट्रे टेबलाच्या कडेवरून कलला, तो वानखेडेंनी धरला. तेवढ्यात हे सुरू झाले, "तसं मूळ ग्रीकमध्ये पाहिलं तर..." हात धनुष्यासाठी वर गेलाच होता.

वहिनी आवाज न चढवता म्हणाल्या, "नेम चुकायसाठी आधी नेम धरा लागते जी. तुमी धरला कधी?"

ते हात खाली घ्यायचं विसरले. वहिनींनी वानखेडेंना विचारलं, "साखर बरोबर आहे नं?"

त्यानंतर कचेरीत आम्ही ग्रीक ऐकलं नाही. निवृत्त होऊन ते दोघं भिलाईला मुलीकडे राहायला गेले. जायच्या आधी एकदा मला रस्त्यात दिसले, दवाखान्यातून परतताना. ते वहिनींच्या डाव्या बाजूने चालत होते, मोटरसायकल आली की मध्ये हात आडवा धरत होते. मी हाक मारली.

"कोण आहे?" वहिनींनी विचारलं.

"आमच्या ऑफिसातले," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता वहिनींचा दंड धरला. "खड्डा आहे. हळू."