दगा चावीवाल्याचे कान

नंदुरबारहून रनाळ्याकडे जाणाऱ्या रुळांवर दगा सव्वीस वर्षं चावीवाला होता. रोज सहा किलोमीटर चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्यांवर हातोडा मारत जायचं. घट्ट चावी ‘टण्’ बोलते, सैल चावी ‘ठप्’. गाड्यांसाठीही त्याचे शब्द होते. भरलेली मालगाडी ‘धबाडधबाड’ येते, रिकामी ‘खुळखुळ’ करते, आणि विजेच्या इंजिनाची एक्सप्रेस नुसती ‘सुंऽऽ’ करत अंगावर येते. मुलगी रविना बोलायला लागली ती हेच शब्द घेऊन.

यंदाच्या उन्हाळ्यापासून सगळ्याच चाव्या ‘ठप्’ बोलायला लागल्या. दगा एकूण एक चावी ठोकत सुटला. मनगट सुजलं. बायको जमनाबाई हळदीचा लेप लावता लावता एक विचारायची, तो भलतंच उत्तर द्यायचा. पुढे हात उचलेना, तेव्हा तो अंदाजाने ठोकू लागला.

एका सकाळी शेजारच्या रुळावरून मालगाडी जात होती. तिच्यापासून लांब म्हणून दगा अलीकडच्या रुळांमध्ये सरकला. तेवढ्यात कुणीतरी मागून शर्ट धरून त्याला खडीत पाडलं, आणि बाजूने एक्सप्रेस निघून गेली. पाडणारा त्याच्याच रूळ-कामगारांच्या गँगमधला रामसिंग होता.

“दगाभाऊ, भोंगा ऐकू उना नही का?” तो ओरडला.

“मालगाडीना आवाजमा दबी गया,” दगा म्हणाला.

रामसिंगला ते पटलं. पण मालगाडी तरी दगाला कुठे ऐकू आली होती? ती त्याला तळपायांनी कळली होती.

संध्याकाळी त्याने रविनाला पाठीमागे उभं केलं. “मन्ह्या गाड्या कश्या बोलतीस ते सांग, हळू आवाजमा.” तो वाट पाहत राहिला. “सांग ना, बेटा.”

रविना समोर आली. तिचे डोळे भरले होते. “बाबा, तिन्ही सांगी टाक्यात मी.”

“नोकरीना चारच वरीस बाकी शेतस,” जमनाबाई म्हणाली. “कोणले सांगू नका.”

“हाई मन्हा एकलानी गोट नही शे,” दगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर उभा राहिला आणि सगळं बोलला. तपासणी झाली. त्याला रुळावरून काढून अवजारं द्यायच्या खोलीत बसवलं. निघताना त्याने रामसिंगचा हात धरला. गेल्या दोन महिन्यांतल्या चाव्या पुन्हा एकदा ठोकून बघ, म्हणाला.

चौथ्या दिवशी रामसिंग घरी आला. दगाच्या कानाशी वाकून तो हळूच काहीतरी बोलला. दगा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. रामसिंगने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तरीही दगाने ऐकू येत नाही अशी मान हलवली.

शेवटी रामसिंगला ओरडावंच लागलं. “अकरा चाव्या सैल व्हत्यात! अकरा!”

दगा मटकन खाटेवर बसला. समोरच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. जमनाबाईने उठून दार लोटून घेतलं.