सूर्य उर्दूत लिहितो

उस्तादांची बोटं कधी स्वस्थ बसली नाहीत. चहाच्या बशीवर, सायकलच्या हँडलवर, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर ती सारखी टकटकत असायची. लांब, आखूड, लांब, लांब. बिनतारी संदेश पाठवण्यात जन्म गेलेल्या माणसाची खोड. रागावले की घरात तोंडानं बोलत नसत, ताटाच्या काठावर बोट वाजवत; आणि त्यांच्या बायकोला म्हणे न शिकताच मोर्स कळायला लागलं होतं. हे मी बरीच वर्षं हसत सांगत आलो. जे सांगितलं नाही ते आज सांगायचं आहे. तरी बघा, सुरुवात पुन्हा बोटांपासूनच केली.

जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडे, आमचं सरकारी बिनतारी केंद्र होतं. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, मागं उंच खांब. मी तिथं नव्यानं लागलो तेव्हा उस्ताद पन्नाशीकडे झुकलेले. त्यांच्या घरची मेंढरं होती, बाप आयुष्यभर कळपामागं हिंडला. पण हा एक मुलगा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत बसला आणि पोलीस ॲक्शन होईतो लिहिण्या-वाचण्यात तरबेज झाला. बोलणं रांगडं मराठी, लिहिणं उर्दू. ऑफिसचं लॉगबुक तेवढं इंग्रजीत. लहान-मोठा कुणीही असो, त्याला ‘मालक’ म्हणायचे. साहेबालाही, झाडूवाल्यालाही.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं की पृथ्वी गोल, मग आपला संदेश वळून दिल्लीला पोचतो कसा? त्यांनी वर बोट केलं. म्हणाले, “वर घोंगडं हाय, मालक. हवेच्या पार वरच्या अंगाला. सूर्य रोज विणतो, रातीला ते विरतं. आपला आवाज त्याला धडकून खाली येतो.” मेंढपाळाच्या घरातल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पण पुढं पुस्तकं वाचल्यावर कळलं, त्यांनी फारसं चुकीचं काही सांगितलं नव्हतं.

सूर्य खवळला की काय होतं तेही त्यांनी असंच सांगितलं. सूर्यावर भडका उडाला की पहिला निरोप घोडेस्वारासारखा येतो, उजेडाबरोबर, आठ मिनिटांत. घोंगडं खालच्या बाजूनं इतकं दाट होतं की आवाज त्यातच जिरतो, लोकरीत पाणी जिरावं तसा. मागून दोन-तीन दिवसांनी पायदळ येतं, सूर्यानं फेकलेल्या बारीक कणांचं. ते पृथ्वीच्या चुंबकाला धक्के देतं, वरची हवा तापून फुगते, घोंगडं विस्कटतं. “आणि गंमत अशी,” ते म्हणायचे, “दोन्ही टोकांच्या माणसांना एकच वाटतं, पलीकडचा झोपलाय.”

असे भडके उडतात ते सूर्यावरच्या काळ्या डागांपाशी, म्हणून ते त्या डागांवर नजर ठेवायचे. चष्म्याच्या दुकानातून घेतलेली दोन भिंगं आणि पत्र्याची नळी, एवढीच दुर्बीण. बरोबर बारा वाजता, डबा उघडायच्या आधी, शेडच्या दारात ती रोखायची आणि मागं धरलेल्या कागदावर सूर्य पाडायचा. पेल्याएवढा पांढरा गोल, त्यावर काळे डाग. डाग होते तिथं पेन्सिल टेकवायची. शेजारी उर्दूत त्या दिवशीचा हिशोब, कोणतं स्टेशन किती वाजता बुडालं, म्हणजे ऐकू येईनासं झालं, त्याचा. वीस वर्षांची चित्रं होती त्या रजिस्टरांत. इतर लोक टिंगल करत, उस्ताद सूर्याची जन्मपत्रिका मांडतायत म्हणून. त्यावर ते एवढंच म्हणत, “काय करता मालक, सूर्य उर्दूत लिहितो. तुमाला कुठनं वाचता येणार?” मीही हसायचो. मला ती माझ्या मराठी शाळेची थट्टा वाटायची.

एका हिवाळ्यात त्यांचे वडील गेले. गाव तिकडे फर्दापूरच्या बाजूला. दहाव्यापर्यंत, म्हणजे नऊ दिवस, ते येणार नव्हते. सायकलवर बसता बसता त्यांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं. डाग काढायचं काम मला सांगितलं आणि वर म्हणाले, “एखांद्या दिशी नाय जमलं तर कोरं ठेवा. कोरं पान खोटं बोलत नाय.”

मी एकही दिवस पाहिलं नाही. कारण म्हणावं असं काही नव्हतं, हेच सांगायला सगळ्यात जड जातं. बारा वाजता शेजारच्या खोलीत कॅरम मांडला जायचा आणि मला राणी घ्यायची असायची, बस्. नवव्या दिवशी संध्याकाळी बसलो आणि नऊ गोलांत नऊ सूर्य काढले. डाग रोज थोडे सरकतात, सूर्य फिरतो, एवढं मला माहीत होतं. म्हणून मी ते सरकवले. आपण लिहितो तसे, डावीकडून उजवीकडे. चित्रं छान दिसत होती.

उस्ताद दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले, डोकं भादरलेलं. माझी पाळी त्या दिवशी दुपारची होती, सेटवर ते एकटेच. पावणेबाराला सगळी स्टेशनं एकदम बुडाली, दीड तास. त्या धांदलीत बाराला रजिस्टर उघडायचंही राहिलं. नेमका त्याच वेळात एक तातडीचा संदेश यायचा होता, तो उशिरा पोचला. मोठ्या साहेबाच्या गाड्या नको त्या रस्त्यानं गेल्या, त्याची फजिती झाली. पलीकडच्या माणसानं लिहून ठेवलं होतं: औरंगाबाद उत्तर देत नाही. दुसऱ्याच दिवशी चौकशी बसली. आरोप एकच, ऑपरेटर जागेवर नव्हता.

उस्ताद निश्चिंत होते. लॉगबुकाबरोबर त्यांनी आपलं रजिस्टरही टेबलावर ठेवलं. म्हणाले, “साहेब, सूर्य बघा, मंग मला बोला.” ठेवण्याआधी ते त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. माझ्याकडं दिलं होतं ना.

चौकशीला आलेला साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना बोलावलं. मी कागद द्यायला कोपऱ्यात उभा. प्राध्यापक शांतपणे पानं उलटत गेले, मग थांबले, मागं गेले, पुन्हा पुढं आले. म्हणाले की भिंगांच्या या जोडणीत डाग कागदावर उजवीकडून डावीकडे सरकतात. सगळीकडे तसेच सरकले आहेत. या नऊ पानांत मात्र सूर्य उलटा फिरतोय. ही घरी बसून काढली आहेत, आणि नऊ खोटी असतील तर बाकीच्यांची खात्री कुणी द्यायची?

उजवीकडून डावीकडे. त्या क्षणी मला ती जुनी थट्टा कळली. थट्टा नव्हतीच ती, सूचना होती.

उस्तादांनी ती पानं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग माझ्याकडं एकदा पाहिलं. मी अजून परमनंट नव्हतो. हे उघड झालं असतं तर त्याच दिवशी घरी गेलो असतो. त्यांची बोटं टेबलावर आली आणि तशीच पडून राहिली. तेवढा एकच वेळ मी ती स्तब्ध पाहिली. ते म्हणाले, “रजिस्टर माझं हाय, साहेब.” त्यात खोटं काहीच नव्हतं. मी तोंड उघडलं नाही.

त्यांना सेटवरून काढलं, दूरच्या एका गोदामात बदली झाली. पुन्हा कधी कानाला हेडफोन लागला नाही. बसस्टँडवर पत्र्याची नळी मीच उचलून नेली. सांगायचं म्हणून गेलो होतो. बस लागली, कंडक्टर ओरडला, आणि मी त्यांना विचारलं, केळी आणू का. ते म्हणाले, “नगं. तुमी जेवून घ्या, मालक. पाळीची वेळ झाली.”

ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. मागच्या वर्षी त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या मुलीनं चहा दिला आणि एक रजिस्टर पुढं केलं. म्हणाली, “दादा, हे कुणाला वाचता येत नाय इथं. आबा म्हणायचे, ऑफिसातलं कुणी आलं तर द्या.” बदलीनंतर बसून त्यांनी त्या सालची सगळी चित्रं पुन्हा उतरून काढली होती. खरे दिवस जसेच्या तसे. ते नऊ दिवसही होते. गोल आखलेले, आत काहीच नाही, आणि प्रत्येकाखाली उर्दूत एकेक ओळ.

ते ओझं घेऊन शहागंजात एका म्हाताऱ्या घड्याळजीकडं गेलो. भर दुपार होती. त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं, चष्मा लावला, पहिली ओळ वाचली. दुसरी. असं नववीपर्यंत गेले आणि म्हणाले, “सब में एक ही बात है. मैंने नहीं देखा.”

मी म्हटलं, पुन्हा बघा, आणखी काही असेल. एखादं नाव. त्यांनी पानं उजेडाला धरून पुन्हा पाहिली, उलटून मागची बाजूही पाहिली.

“किसका नाम ढूँढ रहे हो, मियाँ?”

“माझं,” मी म्हणालो.